कारागिराचा हात आणि मालकाची जिम्मेदारी : अपघाताची नुकसानभरपाई कशी ठरते?

व्यापाराच्या या पानावर आपण बहुधा भाव, उधारी आणि कर यांविषयी वाचतो. आज जरा वेगळा विषय घेत आहोत. काम करताना माणूस जखमी झाला, त्याचे बोट गेले, हात गेला किंवा जीव गेला, तर त्याचा वा त्याच्या घरच्यांचा हक्क काय, आणि मालकावर जिम्मेदारी किती? आपल्या समाजात शिवणकाम, जरी, सुतारकाम, गॅरेज, बेकरी, कटिंग असे हातावरचे धंदे पुष्कळ. कोणी मालक आहे, कोणी कारागीर, तर कोणी सकाळी मालक आणि संध्याकाळी कारागीर. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी समजून घेणे जरूर आहे.

आम्हाला हा विषय एका प्रसंगाने शिकवला. १९९६ साली आम्ही वालिदांच्या गादीवर नुकतेच बसू लागलो होतो. कापडाच्या व्यापाराला जोडून लोअर परळच्या एका गाळ्यात शर्ट शिवून घेण्याचे काम चाले. तिथे एक कटिंग मास्टर होते, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारे, वय चाळीस, पगार महिना १,८०० रुपये. कापडाच्या थरांवर विजेचे कटिंग मशीन चालवताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. इस्पितळाचा सर्व खर्च आम्ही केला, घरी जाऊन वहिनींच्या हातात पंधरा हजार रुपये ठेवले आणि मास्टरांना हिशेबाच्या कामावर बसवले. चाळीतले लोक म्हणाले, शेठ भला माणूस आहे. आम्हालाही तसेच वाटले.

पुढे मास्टर वारले. पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी करण्याची पाळी आली, तेव्हा ट्रंकेत त्यांच्या मुलाला बापाची एक छोटी डायरी सापडली. तीत दर महिन्याचा पगार आणि त्या अपघाताची तारीख लिहिलेली होती. मुलगा डायरी घेऊन दुकानात आला. भांडायला आला नव्हता. एवढेच म्हणाला, "शेठ, तुम्ही तेव्हा मदत केलीत, आई अजून नाव काढते. पण कायद्याने बाबांच्या हाताचे किती झाले असते, तेवढे सांगाल का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, कायद्याची भाषा आम्हास जडच. तरीही एका जाणकार वकिलांकडे बसून हिशेब केला. तो हिशेब पुढे देत आहोत.

कायदा आणि चाळ एका वयाची

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. हे खाते १९२० साली निघाले आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. याच सुमारास कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. तो १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. गिरणीत यंत्राने हात खाल्ला तर मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय कामगाराला काही मिळणे तोवर कठीण होते. या कायद्याने चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. कामामुळे आणि कामाच्या दरम्यान अपघात झाला, एवढे पुरेसे ठरले.

आज दोन्हींची जागा नव्याने घेतली आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याऐवजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. अपघात त्या तारखेपूर्वीचा असेल तर हिशेब जुन्या कायद्याने होतो. मात्र नुकसानभरपाईची मूळ रचना संहितेतही तीच ठेवली आहे.

जिम्मेदारी कोणावर?

आपल्या पुष्कळ बांधवांचा समज आहे की हे सर्व मोठ्या कारखान्यांसाठी आहे. तसे नाही. विजेच्या शक्तीवर माल तयार होतो अशी जागा लहान असली तरी कायद्याच्या कक्षेत येते. दोन मशीनचा गाळाही त्यात आला. 'माणूस रोजंदारीवर होता, कायम नव्हता' ही सबब पूर्वी चाले. २००० सालच्या दुरुस्तीने तीही संपली.

आपल्या धंद्याचेच काम ठेकेदारामार्फत करून घेतले आणि ठेकेदाराचा माणूस जखमी झाला, तर तो मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती देऊन मग ठेकेदाराकडून वसूल करावी. 'अपघात झाल्यास मी काही मागणार नाही' असे कामगाराकडून लिहून घेतले तर त्या कागदाला कायद्यात किंमत नाही.

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर राज्य विमा योजना, म्हणजे ई.एस.आय., लागू होते. तिथे वर्गणी भरलेली असली की उपचार आणि अपंगत्वाचा लाभ महामंडळ देते. त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. म्हणजे वर्गणी नियमित भरणारा मालक मोठ्या ओझ्यातून सुटतो. ज्याने माणसे कमी दाखवून वर्गणी चुकवली, त्याने ते ओझे स्वतःच्या डोक्यावर घेतले.

काही प्रसंगी मालकाला सूट आहे. कामगार दारू प्यालेला होता, किंवा सुरक्षेसाठी लावलेली जाळी त्याने जाणूनबुजून काढली, असे सिद्ध झाले तर भरपाई नाकारता येते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही सबब चालत नाही. आणि जाळी मालकानेच लावली नसेल, तर कामगाराने ती काढली असे म्हणता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

रक्कम कशी काढतात?

हिशेब कापडाच्या हिशेबाइतका सोपा आहे. तीन आकडे लागतात : मासिक मजुरी, वयाचा गुणांक आणि अपंगत्वाची टक्केवारी.

मृत्यू झाला तर मजुरीच्या ५० टक्क्यांना वयाच्या गुणांकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मजुरीचे ६० टक्के धरायचे. काही अवयव गेला असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेवर त्या अवयवाची टक्केवारी काढायची. गुणांक कायद्याच्या परिशिष्टात दिले आहेत. वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७ आणि ५० ला १५३.०९. वय कमी तितका गुणांक जास्त, कारण पुढे कमावण्याची वर्षे जास्त.

आता मास्टरांचा हिशेब. १,८०० चे ६० टक्के म्हणजे १,०८०. त्याला १८४.१७ ने गुणले की १,९८,९०३ रुपये. एका हाताची तीन बोटे गेल्यास टक्केवारी ३०. म्हणजे ५९,६७१ रुपये. आम्ही दिले होते पंधरा हजार. इस्पितळाचे बिल भरपाईत धरता येत नाही. उपचाराचा खर्च हा भरपाईचा भाग नव्हेच. ज्याला आम्ही मदत म्हणत होतो, तो हक्काच्या रकमेचा चौथा हिस्सा होता.

असाच अपघात पुढे झाला तर? २०२० च्या जानेवारीपासून हिशेबात महिना १५,००० रुपये ही कमाल मजुरी धरली गेली. प्रत्यक्ष पगार बावीस हजार असला तरी धरायचे पंधराच. सरकार अधिसूचना काढून ही मर्यादा बदलू शकते, म्हणून अपघाताच्या तारखेला कोणती मर्यादा आहे ते पाहावे. पंधरा हजारांवर चाळीस वर्षांच्या माणसाची तीन बोटे गेली तर ४,९७,२५९ रुपये होतात. त्याचा मृत्यू झाला तर १३,८१,२७५ रुपये. दोन मशीनच्या गाळ्यात हे पैसे कुठून आणणार, याचा विचार प्रत्येक मालकाने अपघाताआधी करावा.

परिशिष्ट आणि पेशा

अवयवांची टक्केवारी परिशिष्टात ठरलेली आहे. अंगठा गेला तर ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७, एका हाताची चारही बोटे ५०. अवयवाची किंमत ठरवणे आपल्याला नवे नाही. फिकहमध्ये दियतीचा हिशेब आहे : पूर्ण दियत शंभर उंट आणि एका बोटाची दहा. तिथे अंगठा आणि करंगळी सारखीच मानली आहेत, तर इथे कामातल्या उपयोगाप्रमाणे फरक केला आहे. पण शरीराचे नुकसान झाले की दुसऱ्यावर देणे लागू होते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

परंतु परिशिष्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९६८ साली एका सिनेमागृहाचे सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की हे अंशतः अपंगत्व आहे, परिशिष्टाप्रमाणे टक्के धरा. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ते नाकारले. सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्वच, असे न्यायालयाने ठरवले. रक्कम देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले.

कारागिरांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. डॉक्टरांचा दाखला शरीराचे किती टक्के गेले ते सांगतो. कमाईचे किती गेले ते पेशावर अवलंबून असते. दावा करताना आपण नेमके कोणते काम करत होतो आणि आता त्यातले काय करता येत नाही, हे स्वच्छ लिहावे. मास्टर पुन्हा कधी कात्री धरू शकले नाहीत. तेव्हा दावा झाला असता तर रक्कम ५९,६७१ वर थांबली असती असेही म्हणता येत नाही.

हातात दिलेला पैसा

इथे आपले व्यापारी बंधू सर्वाधिक चुकतात, आणि बहुधा चांगल्या मनाने चुकतात. अपघात होतो, मोहल्ल्यातले चार बुजुर्ग बसतात, रक्कम ठरते, पैसे दिले जातात आणि सर्वांना वाटते की मामला मिटला. कायद्याने तो मिटत नाही. मृत्यू झाला असेल तर भरपाई वारसांच्या हातात देऊन चालत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि तेथून वारसांना वाटली जाते. यामागे कारण आहे. विधवेच्या हातातली रक्कम दीर-जावई काढून घेतात, लहान मुलांचा हिस्सा बुडतो, हे आपण आपल्याच बिरादरीत पाहिले आहे.

अपंगत्वाच्या प्रकरणात आपसात समझोता करता येतो, पण त्याची नोंद प्राधिकाऱ्याकडे करावी लागते. नोंद न केल्यास मालक पूर्ण रकमेला बांधलेला राहतो, आणि १९२३ च्या कायद्याप्रमाणे प्राधिकाऱ्याने वेगळा आदेश दिला नाही तर आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून अधिक वळते होत नसे. म्हणून ज्याला खरोखर द्यायचे आहे त्याने योग्य ठिकाणी, पावती घेऊन द्यावे. एक महिन्यात रक्कम न दिल्यास व्याज चढते. जुन्या कायद्यात ते साधे १२ टक्के होते. उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. व्याज घ्यावे की नाही, याबद्दल ज्याला शंका असेल त्याने आलिमांना विचारावे. मालकाने वेळेवर दिले तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

येता-जाताचा अपघात

आपला कारागीर पहाटे वा रात्री उशिरा प्रवास करतो. वाटेतला अपघात कामाचा मानायचा का? २००३ साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीवर मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात वारला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मंजूर केली. प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर घरून कामावर जातानाचा अपघातही कामाचाच, असे ठरले. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे.

वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही जाता येते. नोकरीतला अपघात असेल तर दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करावा. १ एप्रिल २०२२ पासून चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात.

गर्दीच्या लोकलमधून पडल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करावा. मृत्यूची रक्कम २०१७ पासून ८ लाख रुपये झाली. पास वा तिकीट जपून ठेवावे. तिकीट सापडले नाही एवढ्याने दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला मात्र ही भरपाई नाही.

जो स्वतःच मालक आहे

स्वतःच्या घरी, स्वतःच्या मशीनवर, चार व्यापाऱ्यांचा माल शिवणारा कारागीर कोणाकडे मागणार? त्याचा कोणी मालक ठरत नसेल तर या कायद्याने त्याला काही मिळत नाही. रस्त्यावरच्या अपघातात तो दावा करू शकतो, पण तिथे उत्पन्नाचा पुरावा विचारतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मृत्यूच्या दाव्यांसाठी ठरवून दिले की स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर त्याच्या उत्पन्नात पुढील वाढीसाठी ४० टक्के, चाळीस ते पन्नासमध्ये २५ आणि पन्नास ते साठमध्ये १० टक्के मिळवावेत. पण मुळात उत्पन्नच कागदावर नसेल तर मिळवणार कशात? कर वाचवण्यासाठी ज्याने धंदा कागदावर लहान ठेवला, त्याच्या मुलाबाळांची भरपाईही लहान होते.

विम्याबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात बोलण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र विमा न घेतल्याने जिम्मेदारी टळत नाही. ज्याला विमा नको, त्याने दर महिन्याला नफ्यातून काही रक्कम याच कामासाठी बाजूला काढावी आणि तिला हात लावू नये.

पहिल्या दिवशी काय करावे?

कामगाराने : इस्पितळात अपघात कसा आणि कुठे झाला ते खरे सांगावे व पोलिसांची नोंद करवून घ्यावी. 'घरी पडलो' असे मालकाच्या सांगण्यावरून लिहिले गेले की पुढे तेच आड येते. केसपेपर, एक्स-रे आणि बिले एका पिशवीत ठेवावीत. मालकाला अपघाताची लेखी सूचना द्यावी. पगार रोख मिळत असेल तर वहीत मांडून सही घ्यावी. दावा लांबवू नये; दोन वर्षे होऊ देणे म्हणजे हक्क धोक्यात घालणे.

मालकाने : हजेरी व पगाराचे पुस्तक ठेवावे, मशीनला जाळी आणि हातात लोखंडी मोजा द्यावा, आणि जे द्यायचे ते नोंद करून द्यावे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

राहिला मास्टरांचा हिशेब. कायद्याने त्याची मुदत केव्हाच संपली होती आणि मुलानेही काही मागितले नव्हते. पण हक्कुल इबादला मुदत नसते. बंद्याचा हक्क बंद्यालाच चुकता करावा लागतो. वहिनींच्या समोर बसून, डायरी पुढे ठेवून आम्ही तो मिटवला. किती दिले ते सांगण्याची ही जागा नव्हे. एवढेच सांगतो की १९९६ साली हे सोपे होते आणि मास्टर ते पाहायला हयात होते. ज्यांचे कारागीर आज समोर मशीनवर बसले आहेत, त्यांनी एवढी वर्षे थांबू नये. अल्लाह आपणा सर्वांना दुसऱ्याचा हक्क वेळेवर देण्याची तौफीक देवो.